बिनकाट्याचे गळ आणि तीर्थन नदीकाठच्या दोन वेगळ्या खोल्या

केजच्या बाजारात ‘ट्राऊट’ म्हणलं की समोरचा विचारतो, “कोणत्या कंपनीचं बियाणं हाय?” त्यात त्याची चूक नाही. ट्राऊट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. आमच्याकडं पाणी थंड नसतं आणि वर्षातले कितीतरी महिने ते वाहतही नाही. आमचे मासे म्हणजे मांजरा धरणाच्या फुगवट्यातली चिलापी, मरळ, शिंगटा. तरी गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं केजहून निघालो आणि हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राऊट धरायला गेलो. ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी रस्ता, गळ, खाणं-पिणं सगळं लिहितो. जे घडलं तेही लिहितो. ते वगळून लिहून बघितलं होतं, पण ते लिखाण वाचून मलाच माझी लाज वाटली.

दोघं म्हणजे मी, रफिक, आणि वैजनाथ. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान, त्याचं फोटो आणि झेरॉक्सचं. मधली भिंत एकच. शाळेपासून आमचे रविवार धरणावर गेले. त्याच्या बहिणीच्या लग्नातली लायटिंग मी केली. माझ्या अब्बांच्या मयतीत खांदा द्यायला तो माझ्याही पुढं होता. तो मला ‘रफ्या’ म्हणतो, मी त्याला ‘वैजा’. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळेल.

बिनकाट्याच्या गळाचा नाद लागला तो वैजाच्या हातामुळं. गळाच्या टोकामागं एक उलटा काटा असतो. आत जाताना तो जातो, बाहेर येताना मांस धरून बसतो. धरणावर एकदा तो वैजाच्या तळव्यात घुसला. डॉक्टरांनी गळ उलटा ओढला नाही, पुढं ढकलून दुसरीकडून बाहेर काढला. त्या वेळी वैजाचा दुसरा हात माझ्या हातात होता आणि त्यानं तो इतका दाबला की माझीच बोटं निळी पडली. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून मी आमच्या डबीतल्या सगळ्या गळांचे काटे पकडीनं दाबून टाकले.

“काटाच न्हाई तर मासा सुटतो की बे,” वैजा म्हणाला.

“दोरी ढिली सोडली तरच सुटतो.”

“आन् ढिली पडलीच तर?”

“तर त्यो त्याच्या घरी, आपन आपल्या घरी.”

नंतर मोबाईलवर ट्राऊटचे व्हिडिओ दिसले. तिथं गळाला गांडूळ नसतं. पिसाची आणि दोऱ्याची बनवलेली माशी असते. ती पाण्यावर तरंगते, खरी माशी समजून मासा वर येतो आणि तोंड उघडतो. तिला ड्राय फ्लाय म्हणतात, म्हणजे न बुडणारी, कोरडी माशी. त्या दिवसापासून मी कोंबडीवाल्या चाचांकडून कोंबड्याच्या मानेची पिसं गोळा करायला लागलो. पहिल्या माश्या वायंडिंगच्या तांब्याच्या बारीक तारेनं बांधल्या. दिसायला अशा की बघत राहावं. घमेल्यातल्या पाण्यावर ठेवल्या, सगळ्या तळाला. वैजा पोट धरून हसला. मग रेशमी दोरा आणला.

आता जे गळ निवडणार आहेत त्यांच्यासाठी, माझ्या अनुभवाचं. साध्या गळाचा काटा पकडीनं दाबता येतो, पण तार कडक असेल तर टोकच तुटतं. मी बरेच तोडले. दाबल्यावरही तिथं छोटा उंचवटा राहतो. तो चालतो, पण बोटानं चाचपून बघा, किंवा गळ कापसात घालून ओढून बघा. कापूस अडकला तर अजून दाबायला हवा. मुळातच बिनकाट्याचे बनवलेले गळ मिळतात, ते जास्त चांगले. त्यांचं टोक लांब असतं आणि जरासं आत वळलेलं, त्यामुळं काटा नसूनही मासा टिकतो. तार बारीकच घ्या, जाड तारेचा गळ पिसांना खाली ओढतो. आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे विसरू नका. मी चौदा आणि सोळा नंबरचे घेतले आणि खळाळत्या पाण्यासाठी थोडे बारा नंबरचे. ऑनलाइन मागवले, केजला यायला आठवडा लागला.

वैजाचं मन काट्याच्याच गळावर होतं. पण त्यानं तिथलं जे होमस्टे फोनवरून ठरवलं होतं, त्यांचा नियमच होता की गळ बिनकाट्याचा हवा आणि धरलेला मासा परत सोडायचा. मग गपगुमान माझ्या माश्या घ्यायला तयार झाला. सप्टेंबरभर मी दोघांपुरत्या बांधल्या. फुगवट्यावर एका चिलापीनं त्यातली एक घेतली, तेव्हा पलीकडं म्हशी धुणारा माणूसही टाळ्या वाजवायला लागला.

ऑक्टोबर निवडायचं कारण धंद्याचं. आमच्याकडं मोटारी जळतात उन्हाळ्यात, तेव्हा दुकान सोडता येत नाही. नोव्हेंबरात तिकडं मासेमारी बंद होते, माशांचा अंडी घालायचा काळ येतो. म्हणून मधली फट. केजहून सकाळची एसटी धरून मांजरसुंबा, बीड करत संभाजीनगर गाठलं. तिथून दिल्लीची गाडी. स्लीपरचं आरक्षण आधी करा, दिवाळीच्या आसपास मिळत नाही. माझ्या बायकोनं, शबानानं, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. वैजाच्या घरून दशम्या. मनमाड सुटेपर्यंत अर्ध्या संपल्या.

गाडीत वैजा लहान पोरासारखा झाला होता. समोरच्या बाकावर जालन्याचं एक म्हातारं जोडपं होतं. त्यांना त्यानं माझी माश्यांची डबी उघडून दाखवली. “ह्या आमच्या मित्रानं केल्यात. मशीनवर न्हाई, हातानं.” बाई म्हणाल्या, “अगं बाई, चावायच्या की!” तो इतक्या अभिमानानं हसला की मी खिडकीकडं तोंड केलं.

दिल्लीत काश्मिरी गेटवरून संध्याकाळी मनालीच्या बसेस सुटतात. मनालीपर्यंत जायचं नाही, अलीकडं औटला उतरायचं. कंडक्टरला दोनदा सांगून ठेवा, नाहीतर औटला लागूनच असलेल्या लांब बोगद्यातून पुढं निघून जाल. उजाडता उजाडता उतरलो. हवेत धूर आणि चिरलेल्या लाकडाचा वास. टपरीवर चहा घेतला, बंजारची लोकल बस धरली, बंजारहून जीप. रस्ता नदीच्या कडेनं जातो आणि प्रत्येक वळणावर नदी अशी दिसते की बोलणंच बंद होतं. तळाचे दगड मोजता यावेत इतकं पाणी स्वच्छ. आम्ही दोघांनी आयुष्यात असं पाणी पाहिलं नव्हतं. वैजा म्हणाला, “रफ्या, ह्यात मासा आपल्याला बघतो का आपन माशाला?”

होमस्टे छान होतं. लाकडी घर, सफरचंदाची झाडं, अंगणातून पायवाट थेट नदीवर. दारातच इंग्रजी-हिंदी पाटी, की मासा आमचा पाहुणा आहे, त्याला इजा करू नका. मालक पन्नाशीचे, हसरे. त्यांनी वैजाला मिठीच मारली. “महाराष्ट्र से! इतनी दूर!” मुलाला हाक मारून चहा मागवला. माझी डबी बघून म्हणाले, “वाह, हाथ की सफाई है.” एक माशी उचलून गळाचं टोक त्यांनी अंगठ्यावर फिरवून बघितलं, काटा नाही ना ते. मान डोलावली. त्यांच्या हाताला काम कळत होतं. मला तो माणूस आवडला होता, हेही लिहून ठेवतो.

मग त्यांनी आधार कार्डं मागितली. वैजाचं बघून परत दिलं. माझं हातात धरून राहिले. चहा आला, तो आम्ही प्यायलो. ते आत गेले, कोणाशी तरी बोलले, बाहेर आले ते वैजाकडं बघतच.

“जी, थोड़ा प्रॉब्लम हो गया. एक ही बेड खाली है.”

वैजा म्हणाला, “दो का बुकिंग किया था ना, फोन पे?”

“हाँ जी, गलती हमारी है. आप रुक जाइए. इनके लिए नीचे बाज़ार में करवा देते हैं, अच्छा कमरा है.” आणि मग आवाज खाली करून, जणू मी तिथं नव्हतोच, “फॅमिली लोग ठहरे हैं ऊपर. पूजा-पाठ वाले हैं. आप समझ रहे हैं.”

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. आत दोन खाटा होत्या, दोन्हींवर घडी घातलेली नवी रजई. मी बघितल्या, वैजानं बघितल्या.

मी वैजाकडं बघत राहिलो. त्यानं बॅग उचलावी एवढीच अपेक्षा होती. भांडण नको होतं, भाषण नको होतं. नुसती बॅग उचलून ‘चल बे’ म्हणायचं होतं त्यानं.

तो नदीकडं बघत होता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “रफ्या, दोन रातीचाच तर सवाल हाय. पैशे भरून बसलोत. दिवसभर तर आपन नदीवरच असनार.”

“बरं,” मी म्हणालो.

“नाराज होऊ नको बे.”

“न्हाई.”

मी डबी उघडली, निम्म्या माश्या त्याच्या हातरुमालावर काढून ठेवल्या. चौदा नंबरच्या त्याला जास्त दिल्या, त्या पाण्यावर नीट दिसतात आणि त्याची नजर थोडी कमी आहे. मालक म्हणाले, “अरे, खाना तो खाके जाइए.” मी म्हणालो, जीपमध्ये खाल्लंय.

बाजार खाली, पायी उतरून जाण्याइतका जवळ. मालकांनी सांगितलेल्या खोलीत मी गेलो नाही. एका धाब्याच्या माडीवर खोली मिळाली, स्वस्त. गरम पाणी बादलीनं, पण मिळतं. राजमा-चावल झकास. तिथल्या बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी वहीत लिहिलं आणि विचारलं, रात्री रोटी की चावल. मासेमारीचा परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. कारकुनानंही नाव लिहिलं, मान वर न करता शिक्का मारला. परवान्याशिवाय गळ टाकू नका, नदीवर राखणदार फिरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठरल्याप्रमाणं मी पुलाजवळ थांबलो. वैजा आला नाही. उन्हं पाण्यावर उतरेपर्यंत वाट बघितली. फोन लागत नव्हता, तिथं रेंज कमीच. मग मी एकटा वरच्या अंगाला चालत गेलो.

ड्राय फ्लाय टाकायची ती प्रवाहाच्या वर, माशाच्या पुढं, म्हणजे ती वाहत त्याच्या डोक्यावरून येते. दोरीचा ताण माशीला लागला की ती पाण्यावर रेघ ओढते आणि मासा फिरकत नाही. कितीतरी वेळ हेच चाललं. एका मोठ्या दगडाच्या सावलीत पाण्यावर छोटं वर्तुळ उठत होतं, पुन्हा तिथंच उठत होतं. सोळा नंबरची लावली. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती नीट उतरली, हलकी, बुचासारखी तरंगत आली आणि पाण्यातून एक नाक वर आलं. घाई केली नाही. रॉड वर उचलला. लागला.

काटा नसताना मासा खेळवणं म्हणजे एक क्षणही दोरी ढिली पडू द्यायची नाही. तो खाली धावला, मी सोबत धावलो, गुडघ्यापर्यंत पाण्यात. पाणी इतकं गार की पाय आपले वाटत नव्हते. शेवटी हात ओला करून (कोरड्या हातानं धरू नका, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो) त्याला पोटाखालून धरलं. ब्राऊन ट्राऊट, माझ्या वितीपेक्षा बराच मोठा. अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. गळ ओठात होता. बोटानं जरा मागं दाबला, सुटला. रक्ताचा थेंब नाही.

चार वर्षं ह्या क्षणासाठी पिसं गोळा केली होती. मी मागं वळून बघितलं. सवयीनं. मागं कोणी नव्हतं. मासा प्रवाहाकडं तोंड करून धरला, त्याच्यात जोर आला, गेला. फोटो काढला नाही. काठावर बसून मी रडलो, आणि मग रडल्याचा राग आला.

परत खाली येत होतो तेव्हा होमस्टेच्या समोर, पलीकडच्या काठावर वैजा दिसला. मालक त्याच्या मागं उभं राहून त्याचा हात धरून रॉड कसा फेकायचा ते शिकवत होते. दोघं हसत होते. वैजानं मला बघितलं, हात हलवला. नदीच्या आवाजावरून ओरडला, “लागला का रं?”

मी हात हलवून सांगितलं, न्हाई.

आयुष्यात त्याच्याशी मी पहिल्यांदा खोटं बोललो. माझ्याजवळचं तेवढंच एक होतं जे त्याला मिळू नये असं वाटलं.

त्यानंतर थोड्या वेळानं त्याला लागला. माझ्याच माशीवर, चौदा नंबरच्या. दोरी दोनदा ढिली पडली, तरी मासा टिकला. वरच्या गॅलरीतून त्या पूजा-पाठवाल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी फोटो काढला. मी पुलावरून बघितलं आणि धाब्यावर जाऊन जेवलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बंजारच्या बसस्टँडवर भेटलो आणि परत निघालो. वैजा भरभरून बोलत होता. सिड्डू नावाचा वाफेचा पदार्थ, तूप घालून. पहाटेची थंडी. मालक किती चांगले, जाताना अक्रोड दिले. पिशवी माझ्यापुढं धरली. “घे की.” मी घेतला नाही. त्यानं पिशवीला गाठ मारून ती बॅगेत टाकली.

भोपाळ गेल्यावर त्यानंच विषय काढला. गाडीचा डबा निम्मा रिकामा होता.

“मी काय म्हनायला पायजे व्हतं?”

“कायच न्हाई.”

“मग तोंड कावून पाडून बसलाय? मी काय त्याला बोलायला लावलं का? तिकडचे लोकं तसेच असतेत. आपल्याकडं असं न्हाई, तुला म्हाईत हाय.”

“वैजा,” मी म्हणालो, “माझ्याशिवाय तिथं आपल्याकडचा मानूस एकच व्हता.”

त्याला कळलं. तो खालच्या बर्थवर पाय पोटाशी घेऊन बसला. म्हणाला, “चार वर्स वाट बघितलती बे. मला वाटलं, उलटं बोललो तर दोघांचंबी जाईल.” मी वरच्या बर्थवर चढलो आणि चादर ओढून घेतली. मला झोप आली नाही. त्याला आली, घोरणं ऐकू येत होतं.

घरी शबानानं विचारलं, “कैसा था?” मी म्हणालो, नदी फार सुंदर आहे. तिनं अजून थोडा वेळ माझ्याकडं बघितलं आणि पाणी तापवायला गेली.

तर, जावं का? जावं. तीर्थनसारखी नदी आपल्या मुलुखातल्या माणसानं एकदा तरी बघावी. बिनकाट्याचेच गळ न्यावेत, मासे सोडून द्यावेत, त्यात कमीपणा नाही. धाब्यावरच्या माडीत राहावं. तुमचं नाव माझ्यासारखं असेल तर फोनवर नाव आधी सांगा, पूर्ण सांगा. दोन दिवसांच्या प्रवासानंतर दारात उभं राहून ते कळण्यापेक्षा घरी बसून कळलेलं बरं. आणि सोबत कोणाला न्यायचं, ते मला विचारू नका.

वैजानं त्या फोटोची मोठी प्रत काढून दुकानात लावली आहे. फोटोत माशाच्या ओठात माझी माशी स्पष्ट दिसते. झेरॉक्सला आलेले लोक बघतात आणि मग माझ्याकडं डोकावतात, “तुमी न्हाई गेलते का, रफिकभाई?” मी म्हणतो, गेलतो.

परवा तो दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. म्हणाला, मार्चमध्ये पुन्हा जायचंय, त्याच होमस्टेवर, सोबत त्याच्या साडूकडची तिघं आहेत. “जरा माश्या करून ठेवतो का? चौदा नंबरच्या. तुझ्यासारख्या कुठं मिळत न्हाईत बे.” तू येतोस का, असं त्यानं विचारलं नाही. विचारायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, ते मला दिसलं. ते त्यानं गिळलं, तेही दिसलं.

“हात मोकळा न्हाई,” मी म्हणालो. समोर एका बोअरच्या मोटारीची कॉइल गुंडाळत होतो. हँडल फिरवत राहिलो, मनातल्या मनात वेढे मोजत. मग चपलांचा आवाज आला, शटरच्या बाजूनं त्याच्या दुकानात गेला, आणि भिंतीपलीकडं झेरॉक्सचं मशीन सुरू झालं.

माझी मोजणी चुकली होती. कितवा वेढा ते आठवेना. सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.